पार्श्वभूमी : छतातला एक्झॉस्ट, त्यातला दिवा आणि बटणाचा प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या नव्या बाथरूममध्ये वर पाहिले की पांढऱ्या पीव्हीसी पॅनलच्या मधोमध एक चौकोन दिसतो. मध्ये दिवा, दिव्याच्या कडेने बारीक फट आणि त्या फटीतून हवा वर ओढणारा पंखा. ही वस्तू कशी असावी यावर बोलणे निघाले की ते पंख्याची ताकद आणि दिव्याचे वॅट यांच्यापुढे सहसा जात नाही. खरे निर्णय मात्र पंख्याच्या डब्याबाहेरच होतात. ओढलेली हवा कुठे सोडायची, तिच्या जागी हवा कुठून घ्यायची आणि पंखा व दिवा एका बटणावर ठेवायचे की दोन. यातला बटणाचा निर्णय सर्वांत किरकोळ समजला जातो, आणि चांगले पंखे निकामी करण्यात त्याचाच वाटा मोठा आहे. म्हणून या टिपणात त्याला जास्त जागा दिली आहे.

जुन्या खानदेशी घरापुढे हा प्रश्न नव्हता. धाब्याच्या घरात अंघोळीची जागा परसात असे. तीन बाजूंनी आडोसा, खाली फरशीचा दगड, वर आकाश किंवा फार तर पत्रा. पाणी अंगणातल्या बंबात नाही तर चुलीवर तापायचे, कपाशीच्या पऱ्हाट्या नि तुराट्या जाळून. वाफ, धूर आणि ओल तिघांचीही वाट परस्पर बाहेर होती. घरात मोरी असायची, पण ती भांड्यांची आणि हातपाय धुण्याची.

स्लॅबची घरे आली तसे संडास-बाथरूम छपराखाली आले. आधी मागच्या दाराशी, मग जिन्याखाली, मग बेडरूमला लागून. तरीही एक भिंत बाहेरची असायची आणि तिच्यात उंचावर तिरप्या काचपट्ट्यांचा व्हेंटिलेटर असायचा. देशाची बांधकाम संहिता पहिल्यांदा १९७० मध्ये आली आणि १९८३, २००५ व २०१६ मध्ये सुधारली गेली. बाथरूमला किमान ०.३ चौरस मीटरचा, म्हणजे सव्वातीन चौरस फुटांच्या आसपासचा व्हेंटिलेटर हवा आणि तो मोकळ्या जागेत किंवा शाफ्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या हवेच्या आणि पाइपांच्या उभ्या पोकळीत, उघडावा, अशी तिची अपेक्षा आहे. बऱ्याच घरांत प्रत्यक्षात दीड बाय एक फुटाचा झरोका असतो, त्यालाही कबुतरांच्या भीतीने जाळी आणि जाळीवर धूळ. फ्लॅटमध्ये तो झरोका शाफ्टमध्ये उघडतो, आणि पावसाचे पाणी नको म्हणून शाफ्टवर कोणीतरी पत्रा टाकलेला असतो. असे झाले की कागदावरचा व्हेंटिलेटर भिंतीतले नुसते भोक उरतो.

एक्झॉस्ट पंखा खानदेशाला आधी भेटला तो कूलरमध्ये. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, आणि लोखंडी पत्र्याचा कूलर इथे घरोघरी आहे. त्यात बसणारा मोठ्या पात्यांचा पंखा कूलरच्या दुकानात ‘एक्झॉस्ट’ म्हणूनच मागितला जातो. बाथरूमच्या झरोक्यात बसला तो याच घराण्यातला लहान पंखा, सहा नाही तर आठ इंची, पत्र्याच्या गोल कड्यातला. अशा पंख्यांचे भारतीय मानक, आय. एस. २३१२, १९६७ चे आहे. समोर मोकळे असेल तर ही पाती भरपूर हवा फेकतात. अडथळा आला की त्यांचा जोर ओसरतो. भिंतीतून थेट बाहेर हवा टाकायची असेल तर त्यांच्याइतका स्वस्त आणि टिकाऊ पर्याय आजही नाही, आणि बाहेरची भिंत ज्यांच्या नशिबी आहे त्यांनी छतातल्या पंख्याच्या नादी लागण्याची फारशी गरजही नाही.

छतातल्या पंख्याचे कूळ वेगळे, आणि ते चहाच्या मळ्यातून आले आहे. १८६४ च्या सुमारास आयर्लंडमधला एक तरुण आसामकडच्या काचारमध्ये चहाच्या मळ्यावर कामाला आला. चहा वाळवण्याची हाताची आणि कोळशाची पद्धत त्याला अपुरी वाटली. गरम हवा पानांतून जोराने नेणारी यंत्रे त्याने बनवली. मायदेशी परतून त्याने कारखाना काढला आणि १८९० च्या दशकाच्या अखेरीस एका नव्या ब्लोअरचे पेटंट घेतले. ढोलासारखे चाक, आणि त्याच्या परिघावर पुढे वाकलेली अनेक अरुंद पाती. हवा मधून आत शिरते आणि कडेने दाबाने बाहेर पडते. पानांच्या थरातून हवा ढकलायची तर दाब लागतो. चार इंची पाइपमधून वाफ ढकलायलाही तोच लागतो. स्प्लिट एसीच्या डक्टच्या मशिनपासून छतातल्या बाथरूम एक्झॉस्टपर्यंत हेच चाक फिरते आहे.

१९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये खिडकीच्या काचेत बसवायचे विजेचे पंखे विकायला आले. महायुद्धानंतर अमेरिकेत घराच्या मधोमध, बाहेरची भिंत नसलेले बाथरूम बांधायचे लोण पसरले, आणि खिडकीऐवजी पंखा चालेल अशी सवलत तिथल्या नियमांत मिळाली. छतातला ब्लोअर घरात शिरला तो त्या सवलतीच्या दारातून. अमेरिकेच्या आजच्या निवासी मानकात, गरजेपुरता चालवायचा असेल तर बाथरूमच्या पंख्याने मिनिटाला ५० घनफूट हवा काढावी असे आहे, आणि दिवसरात्र चालणार असेल तर २०. आपल्याकडच्या संहितेत बाथरूमसाठी तासाला ६ ते १० वेळा हवा बदलण्याचा आकडा येतो.

हे दोन आकडे आपल्या मापात बसवून पाहू. बाथरूम चार बाय सात फुटांचे, फॉल्स सीलिंग सात फुटांवर. आतली हवा १९६ घनफूट, म्हणजे साडेपाच घनमीटर. तासाला १० वेळा बदलायची तर ५५ घनमीटर पुरे. अमेरिकेचे ५० घनफूट म्हणजे तासाला ८५ घनमीटर, म्हणजे १५ वेळा. एवढ्याशा खोलीला याहून मोठा पंखा लागत नाही. दुकानात खोक्यावर दीडशे-दोनशेचा आकडा असतो, पण तो बहुधा पाइप न जोडता मोजलेला. छतात तो पंखा सहा-आठ फूट पाइपला, एक-दोन कोपऱ्यांना आणि बाहेरच्या झडपेला तोंड देतो, तेव्हा त्या आकड्यातले किती उरते हे खोका सांगत नाही. चांगल्या पंख्याच्या कागदावर हवेच्या आकड्याशेजारी दाबाचा आकडा असतो. तो नसेल तर पहिल्या आकड्याला अर्थ नाही.

पाइपच्या मापातली कंजुषी महागात पडते. ८५ घनमीटर हवा चार इंची पाइपमधून सेकंदाला तीन मीटरने जाते आणि पंख्याला फारसे जड जात नाही. तीच हवा तीन इंचीतून न्यायची तर विरोध चौपटीच्या घरात जातो. जळगाव पीव्हीसी पाइपचे गाव आहे. ११० मिलिमीटरचा सांडपाण्याचा पाइप कोणत्याही हार्डवेअरमध्ये मिळतो, आतून गुळगुळीत असतो आणि गंजत नाही. तरी फॉल्स सीलिंगवाले अनेकदा पंख्याबरोबर आलेली अॅल्युमिनियमची वळ्यावळ्यांची नळीच वापरतात, तीही न ताणता. मग मध्ये झोळ पडतो आणि त्यात पाणी साचते. पाइप सरळ हवा आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतरता हवा. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हा गरम अंघोळीची वाफ थंड पाइपात पाणी होते. उतार पंख्याकडे असेल तर तेच पाणी दिव्याच्या काचेवर येऊन थेंबथेंब पडते, आणि वरच्या मजल्याची लाइन गळते म्हणून शेजाऱ्याशी वाद सुरू होतो.

मोटरबद्दल थोडक्यात. स्वस्त पंख्यात बराच काळ शेडेड पोल मोटर होती. तिला कंडेन्सर लागत नाही, बिघडण्यासारखे फार काही नसते, पण घेतलेल्या विजेतला मोठा भाग उष्णतेत जातो. त्यानंतर कंडेन्सरच्या मोटरी आल्या आणि अलीकडे बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरी. उन्हाळ्यात गच्चीखालच्या स्लॅबला लागून असलेल्या पोकळीत मोटर आधीच तापलेल्या हवेत बसलेली असते. जिनिंगच्या गावांत हंगामात कापसाचे तंतू हवेत असतात, टॉवेलची लव असते, आणि वाफेने ओल्या झालेल्या पात्यांवर हे सारे चिकटते. चाक जड होते, मोटर तापते आणि आतला थर्मल फ्यूज उडतो. पंखा बंद पडला म्हणून कोणी तो फ्यूज काढून सरळ जोडणी केली, तर छतात लपलेल्या मोटरला तापण्यापासून अडवणारे काही उरत नाही. तसे करू नये, आणि कोणाला करू देऊ नये. दिवाळीच्या साफसफाईत खालची जाळी काढून चाक ब्रशने झाडणे हाच त्यावरचा इलाज. त्यासाठी जाळी स्क्रू न काढता, दोन स्प्रिंगवर खाली ओढता यायला हवी. ज्या रचनेत हे नाही तो पंखा आयुष्यात एकदाही साफ होत नाही.

दिवा पंख्यात शिरला त्याचे कारण साधे. छताला एकच भोक पाडायचे, एकच पॉइंट ओढायचा आणि दोन कामे उरकायची. बल्बच्या काळात जोडी अवघडच होती. ६० किंवा १०० वॅटचा बल्ब मोटरशेजारी ठेवायचा, मध्ये पत्र्याचा आडपडदा, खाली दोन्हींना झाकणारी मोठी चौकोनी जाळी. बल्बची उष्णता मोटरच्या बुशमधले तेल सुकवायची. थंड देशांत यात २५० वॅटचा इन्फ्रारेड दिवाही घातला गेला, पंखा, दिवा आणि शेक एका चौकटीत. सीएफएलने वीज वाचवली, पण तिला उष्णता सोसत नाही आणि वारंवारची चालू-बंद तर मुळीच नाही. बाथरूममध्ये याच दोन गोष्टी घडतात.

खरा बदल एलईडीने केला, तो विजेपेक्षा आकारात. एलईडीचा दिवा चपटा असतो. त्यामुळे दिवा मधोमध आणि हवेची फट भोवताली अशी मांडणी शक्य झाली. जाळी दिसेनाशी झाली. अरुंद फटीतून हवा वेगाने आत जाते, त्यामुळे पॅनलच्या कडेला जमणारी वाफही ओढली जाते. २०१५ मध्ये केंद्राच्या योजनेतून एलईडी बल्ब स्वस्तात वाटले जाऊ लागले, किमती उतरल्या, आणि एलईडी ही चैनीची वस्तू राहिली नाही. त्याच सुमारास खानदेशातल्या बाथरूममध्ये पीव्हीसी पॅनलचे छत रुजत होते. वरच्या मजल्याचे पाइप लपवायला ते छत आले, आणि त्याच्या वर जी सहा-आठ इंचांची पोकळी मिळाली तिच्यात पंख्याचा डबा बसला. पूर्वी त्या जागी जुनी भांडी ठेवायचा माळा असायचा.

एलईडीने एक अडचणही आणली. दिव्याच्या चकत्या वर्षानुवर्षे टिकतात, पण त्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर आधी जातो, आणि वाफेत तर लवकर जातो. तो हवेच्या वाटेत बसवला असेल तर त्याच्यावर रोज ओली हवा वाहते. अनेक जोड-पंख्यांत दिवा आणि डबा एकजीव असतात. दिवा गेला की चांगला चालणारा पंखाही उतरवायचा. ड्रायव्हर वाटेच्या बाहेर, बंद कप्प्यात आणि साध्या दोन पिनांच्या जोडणीवर असावा, म्हणजे शहाद्याच्या किंवा पारोळ्याच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळणारा १२ वॅटचा तयार ड्रायव्हरही तिथे लावता येईल. या दुरुस्तीसाठी गाडीभाडे खर्चून जळगाव किंवा नाशिक गाठावे लागत असेल, तर रचना चुकलेली आहे.

आता बटण.

वाफ काढण्याचे काम अंघोळ संपल्यावर सुरू होते. अंघोळीत भिंती, फरशी आणि छत ओले होतात. पाणी घेणे थांबले तरी ते पाणी हवेत मिसळत राहते, आणि पुढची १५-२० मिनिटे पंखा चालला तरच ते बाहेर जाते. पंखा आणि दिवा एकाच बटणावर असतील तर माणूस बाहेर येतो, सवयीने दिवा बंद करतो आणि नेमके कामाच्या वेळी पंखा थांबतो. आत उरलेली वाफ छताच्या पोकळीत आणि पॅनलच्या सांध्यांत जिरते. काळे ठिपके येतात, स्लॅबला पोपडे धरतात, आणि पुढे सळईला गंज चढून काँक्रीट फुगते. पंखा लावूनही ओल कशी, असे घरमालक विचारतो तेव्हा उत्तर बहुतेक वेळा बाहेरच्या बोर्डावर असते.

जगात याची दोन उत्तरे निघाली, आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. ब्रिटनने दिव्यालाच पंख्याचा हुकूम दिला. उघडणारी खिडकी नसेल तर दिव्याबरोबर पंखा सुरू व्हावा आणि दिवा बंद केल्यावरही १५ मिनिटे चालावा, असे तिथले मार्गदर्शन आहे. माणसाच्या आठवणीवर काहीच सोडायचे नाही, हा त्यामागचा विचार. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने वीज वाचवायच्या बाजूने पाहिले. पंख्याचे बटण दिव्यापासून वेगळे हवे, किंवा पंखा चालू ठेवून दिवा विझवता आला पाहिजे, असा तिथला नियम. वाटा दोन, तरी दिवा विझला म्हणजे पंखा विझला असे होऊ नये, यावर दोघांचे एकमत आहे.

आपल्याकडे असा नियम बोलून ठरलाच नाही. तो भिंतीतल्या वायरने ठरवला. जुन्या घरात बाथरूमच्या बल्बपर्यंत दोनच वायर गेलेल्या असतात, एक बटणातून आलेली फेज आणि एक न्यूट्रल. लाकडी पट्टीवर क्लिपांनी ठोकलेल्या किंवा केसिंग-कॅपिंगमधल्या वायरिंगमध्ये तिसरी वायर टाकणे सोपे होते. कन्सील्ड वायरिंग आले तेव्हा भिंतीत पाऊण इंची पाइप प्लास्टरखाली गेले. अशा पाइपात एखाद्या कोपऱ्यावर सिमेंट शिरले असेल तर दहा वर्षांनी त्यातून नवी वायर सरकत नाही. वायरमनपुढे पर्याय दोन. टाइल्स फोडा, नाही तर पंखा आणि दिवा त्याच दोन वायरींवर जोडा. टाइल्स फोडायला कोणीही तयार होत नाही. अशा रीतीने एका बटणाची जोडणी रूढ झाली. मग तीच गोष्ट ‘एक बटण, दोन कामे’ म्हणून सोय असल्यासारखी सांगितली जाऊ लागली, आणि नव्या घरातही, जिथे भिंत अजून उघडी होती, तिथेही तशीच उतरली.

एका बटणाच्या बाजूने काहीच नाही असे मात्र नाही. घरात म्हातारी माणसे आणि लहान मुले असतात. वेगळे बटण असेल तर पंखा लावायचे कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि लावला तर तो दिवसभर फिरत राहतो. २५ वॅटचा पंखा महिनाभर अखंड चालला तर १८ युनिट जातात. चार माणसांच्या अंघोळींनंतर वीस-वीस मिनिटे चालवला तर महिन्याला एकच युनिट. हा फरक लहान नाही, आणि बिल भरणाऱ्याने वेगळ्या बटणाला नाक मुरडले तर त्याचे चुकले असे म्हणता येत नाही.

रात्रीचा हिशेब वेगळा आहे. रात्री दोनला कोणी लघवीला उठले, दिवा लावला की पंखा घरघरतो, आणि शेजारच्या खोलीतले बाळ जागे होते. बेडरूममध्ये एसी असेल तर अटॅच बाथरूमचा पंखा थंड केलेली हवा ओढून बाहेर फेकतो. पंख्याच्या आवाजासाठी परदेशात सोन हे एकक वापरतात, आणि शांत पंखा एक सोन किंवा त्याहून कमी असतो. आपल्याकडे खोक्यावर आवाजाचा आकडा असला तर डेसिबलमध्ये असतो, आणि तो किती अंतरावरून मोजला हे लिहिलेले नसते.

या वादात खानदेशाची स्वतःची भर लोडशेडिंगने घातली. २००५ नंतरची काही वर्षे इथल्या गावांनी रोज कित्येक तास विजेविना काढली. भुसावळशेजारच्या दीपनगरात वीज तयार होत होती आणि आसपासची गावे अंधारात होती, हे ज्यांनी सोसले ते विसरलेले नाहीत. इन्व्हर्टर आले तेव्हा प्रत्येक खोलीतला एक दिवा आणि एक पंखा त्यावर घेतला गेला. खिडकी नसलेल्या बाथरूमचा दिवा तर घ्यावाच लागला, कारण वीज गेली की भर दुपारी आत काही दिसत नसे. जोड-पंखा त्याच पॉइंटवर बसला की पंखाही आपोआप इन्व्हर्टरवर आला. जुन्या बॅटरीवर तो भार नको म्हणून काहींनी पंख्याची वायरच काढून ठेवली. वीज सुधारली, पण काढलेली वायर अनेक घरांत तशीच लोंबकळत राहिली. छतात पंखा आहे, त्यातला दिवा लागतो, आणि पंखा कधीच फिरलेला नाही, अशी बाथरूम त्यातून झाली.

मधले मार्ग निघाले. बोर्डात टायमर बसवला तर दोन वायरींवरही पंखा उशिरा बंद होतो, पण त्याच्याबरोबर दिवाही १५ मिनिटे जळत राहतो, आणि घरातले कोणीतरी ‘लाइट चालूच राहिला’ म्हणत तो बंद करते. काही एलईडी ड्रायव्हर बटण पटकन बंद-चालू केल्यावर पायरी बदलतात, एकदा दोन्ही, दुसऱ्यांदा फक्त दिवा, तिसऱ्यांदा फक्त पंखा. हे सोयीचे दिसते, पण पाहुण्याला आणि आजीला ते कळत नाही. डब्याच्या आतच रिमोटचा रिले, म्हणजे दुरून चालणारे बटण, बसवणे हा जुन्या घरासाठी त्यातल्या त्यात बरा उपाय. आत येणाऱ्या दोन वायरींना सतत वीज, आणि पंखा नि दिवा बाहेरच्या बॅटरीवरच्या दोन बटणांवर. नव्या घरात मात्र तडजोडीचे कारण नाही. दोन बटणे हवीत, आणि पंख्याच्या बटणावर २० मिनिटांचा टायमर. दिवा लावणे माणसाच्या हातात, पंखा थांबवणे टायमरच्या हातात.

बाकीचे दोन निर्णय एवढे वादाचे नाहीत, तरी चुकतात. हवा छताच्या पोकळीत सोडणे म्हणजे ती काढलीच नाही असे धरावे. शाफ्टमध्ये सोडायची असेल तर पंख्याच्या तोंडाशी उलटी हवा अडवणारी झडप हवी, नाही तर खालच्या मजल्याचा वास वरच्या घरात येतो. बाहेर जाणाऱ्या हवेइतकी हवा आतही यायला हवी. आपल्या बाथरूमला पाणी बाहेर येऊ नये म्हणून दगडी पट्टीचा उंबरा असतो आणि दार त्याच्यावर घट्ट बसते, फट उरत नाही. मग पंखा नुसता गरगरतो आणि नहाणीच्या ट्रॅपमधले, गटाराचा वास अडवणारे पाणी उतरले असेल तर ड्रेनेजची हवा आत ओढतो. दाराच्या खालच्या भागात जाळी ठेवावी, किंवा पाऊण इंचाची फट. कूलर चालू असताना घरातली हवा बाथरूमकडे आपसूक रेटली जाते, म्हणून उन्हाळ्यात ही उणीव लक्षात येत नाही. ती डिसेंबरात दिसते.

गॅस गिझरचा विषय इथेच घ्यायला हवा. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावून अंघोळ करताना माणसे बेशुद्ध पडल्याच्या आणि दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. गिझर खोलीतला ऑक्सिजन जाळतो. तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. छतात पंखा आहे म्हणून धोका टळला असे कोणी समजू नये. दार घट्ट आणि आत हवा येण्याची वाट नाही, अशा खोलीत पंखा फारशी हवा बदलू शकत नाही, आणि गिझरला धुराचा पाइप असेल तर त्यातला धूरही उलटा खोलीत ओढला जाऊ शकतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावावा आणि आत फक्त पाण्याची लाइन आणावी. पंख्याची कोणतीही रचना याला पर्याय नाही.

विजेच्या सुरक्षेत आपल्या सात फुटी छताने एक पेच केला आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत शॉवरच्या जागेवर सव्वादोन मीटरपर्यंतचा भाग पाण्याचा पट्टा धरला जातो, आणि तिथल्या उपकरणाला निदान शिंतोडे सोसण्याचा दर्जा, आयपीएक्स ४, लागतो. सात फूट म्हणजे २.१३ मीटर. म्हणजे शॉवरच्या डोक्यावर बसवलेला आपला जोड-पंखा थेट त्या पट्ट्यात येतो. पंखा शॉवरपासून चार फूट बाजूला, किंवा त्या दर्जाचा, आणि लाइनवर गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ट्रिप हवा. पत्र्याच्या डब्याला अर्थिंग दिलेच पाहिजे, आणि बल्बच्या जुन्या दोन वायरींत तीच नेमकी नसते.

अलीकडे आर्द्रता ओळखून आपोआप सुरू-बंद होणारे पंखे आले आहेत. खानदेशाच्या हवेत ते जसेच्या तसे चालत नाहीत. मे महिन्यात बाहेरची हवा इतकी कोरडी असते की व्हेंटिलेटर उघडा ठेवला तरी फरशी लवकर सुकते, आणि टाकीतलेच पाणी तापलेले असल्याने गिझरही बंद असतो. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच आर्द्रता ऐंशीच्या वर जाते. साठ-सत्तर टक्क्यांवर लावलेला सेन्सर त्या दिवसांत पंखा थांबवतच नाही. ठरावीक टक्का न पाहता आर्द्रता एकाएकी किती चढली हे पाहणारा सेन्सर इथे उपयोगी, आणि त्याच्यावरही वेळेची मर्यादा हवी. तोवर वीस मिनिटांचा साधा टायमर वर्षातले बहुतेक दिवस सांभाळतो.

हे सगळे छतापर्यंत किती वायर गेल्या आहेत त्यावर येऊन थांबते. पंख्याची फेज, दिव्याची फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग मिळून चार वायर, त्यांच्यासाठी एक इंची पाइप, आणि हवेसाठी बाहेरच्या भिंतीत किंवा बीमखाली ११० मिलिमीटरची स्लीव्ह, म्हणजे आरपार पाइपाचा तुकडा. वायरचा पाइप सळ्या बांधून झाल्यावर आणि काँक्रीट ओतण्याआधी टाकला जातो. त्या दिवशी वायरमनला हे सांगितले तर खर्च काही शे रुपयांचा.